अक्काची देवी आणि माझी गोळी

माण तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या बहिणीच्या अंगात देवी यायची. वार बघून नाही, कधीही. आधी अक्काला कापूर जळाल्याचा वास यायचा, मग नजर थिजायची. भानावर आली की चेहरा इतका निवलेला असायचा, की मला हेवा वाटायचा. बायका ओटी घेऊन यायच्या.

एकदा ती चुलीवर कोसळली. हात भाजला. मी तिला सांगलीला माझ्या घरी आणून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आधी कसला वास येतो का?” मेंदूचा आलेख काढला. अपस्माराचा प्रकार निघाला. “आजार आलेखात दिसतो,” अक्का बाहेर बसली असताना ते मला म्हणाले. “त्यांना जे जाणवतं, त्याबद्दल मला काही बोलता येणार नाही.”

अक्काला मी यातलं काहीच सांगितलं नाही. रक्तदाबाची गोळी म्हणून हातात दिली. ती नकार देईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर, मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि बहिणीच्या अंगात येतं, याची मला लाज वाटायची.

देवी यायची थांबली. अक्कानं कारण शोधलं. भावकीतलं सुतक फिटायच्या आत तिनं देवीपुढं दिवा लावला होता, म्हणून देवीआई रुसली. तिनं शुक्रवारचा उपास कडक धरला, चप्पल सोडली. दोन वर्षं मी गावी गोळ्या पोचवत राहिलो. या उन्हाळ्यात तिच्या टाचांतून रक्त येताना पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हंजी आई रुसली न्हवती?”

“नाही, अक्का.”

“दोन वर्सं माफी मागतीय मी तिची. आन् तू बघत बसलास? मास्तर हायस न्हवं? मग मला बी शिकवायचं हुतं की!”

तिनं भाजल्याचा डाग असलेला हात पुढं केला.

“भाजून घ्यायची हौस न्हवती रं मला. गोळी घेतलीबी असती. पर आईला सांगून तरी तिला सोडलं असतं.”

मग तिनं विचारलं, “ती मेंदूतच हुती का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. दोन वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा खरं बोलत होतो.

तिनं उठून भाकरी वाढून घेतली. शुक्रवार होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या दाराशी ती म्हणाली, “तू भायेर थांब.” अर्ध्या तासानं बाहेर आली. आत काय ठरलं, तिनं सांगितलं नाही. विचारायचा हक्क मला उरला नव्हता.