न वाजवायची घंटा

माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात पिथौरागढहून लीड्सला येतात, तेव्हा त्यांच्या हँडबॅगेत पासपोर्ट, गुडघ्यांना चोळायचं मलम आणि एक पितळेची घंटा असते. घंटेच्या लोलकाला लाल फडकं घट्ट गुंडाळलेलं असतं. विमानतळावरचे लोक ती हलवून बघतात, आवाज येत नाही म्हणून जास्तच संशयानं बघतात, आणि शेवटी हात टेकून सोडून देतात.

पहिल्या वर्षी मला वाटलं, ही आपल्या देवघरासाठी आणलेली भेट. मी पुण्याची. घंटा दिसली की चिंच-मीठ लावून घासायची आणि आरतीला वाजवायची, एवढंच मला ठाऊक. मी फडकं सोडलं, घंटा लख्ख केली, देवघराच्या कोनाड्यात टांगली आणि संध्याकाळी दणक्यात आरती सुरू केली. पहिलं कडवं संपतंय तोच सासूबाई किचनमधून धावत आल्या आणि त्यांनी घंटा मुठीत धरली. "अभी नहीं, ब्वारी. अभी नहीं."

ब्वारी म्हणजे त्यांच्या कुमाऊँनी बोलीत सून. आईला इजा म्हणतात. नवरा इजा म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्या दिवशी मात्र त्यांनी फडकं पुन्हा करकचून बांधलं आणि मी फुगून बसले. अर्धी आरती थांबवणारी सासू मी तोवर पाहिली नव्हती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, आमच्या पहाडातलं काहीतरी असतं. डोन्ट टेक इट पर्सनली." पुण्यातल्या मेडिकल कॉलेजात तो मराठी शिकला, पण बायकोची समजूत काढायला तिथं कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे आमची गट्टी जमली ती देवळांवरून. मी सर्जरीतून, म्हणजे माझ्या दवाखान्यातून, परत आले की इजा चहा टाकायच्या आणि मला त्यांच्या जिल्ह्यातून फिरवून आणायच्या. गंगोलीहाटची काली, जिच्या दारात देवदारांच्या सावलीत फौजी माथा टेकतात. कपिलेश्वर, जो डोंगराच्या कपारीतच राहतो, भिंती बांधायचा प्रश्नच नाही. आणि पाताल भुवनेश्वर. त्याचं नाव घेताना त्या चहाचा कप खाली ठेवायच्या. जमिनीत एक भोक, अंग चोरून उतरायचं, हातात साखळी धरायची, पायाखाली ओला दगड. खाली पोचलं की शेषनागाचा फणा, शंकराच्या जटा, ऐरावताचे पाय, सगळं दगडाचं आणि कोणी न घडवलेलं. वरच्या दगडी कमळातून खालच्या गणपतीवर थेंब थेंब पाणी पडतं. "तुमच्या पुण्यात गणपतीला दूध-पाणी माणसं घालतात," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे डोंगर घालतो."

दर शिवरात्रीला त्या तिथं उतरत. मग गुडघे कुरकुरू लागले आणि माझ्या नवऱ्यानं फतवा काढला की आता गुहा बंद. गावातल्या चुलतभावांनाही त्यानं फोनवरून तंबी दिली. इजा भांडल्या नाहीत. फक्त त्या वर्षी आल्या तेव्हा गुहेचं नाव काढलं की विषय बदलायच्या, आणि ते मला भांडणापेक्षा वाईट वाटलं. मी नवऱ्याशी वाद घालून बघितला. तो अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे, दिवसभर घाबरलेल्या माणसांना गोड बोलून झोपवतो. मलाही तसंच झोपवलं.

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं यॉर्कशर डेल्समध्ये फिरायला गेलो होतो. एका वळणावर प्रेक्षणीय स्थळाची तपकिरी पाटी लागली. इजा इंग्रजी वाचत नाहीत, पण चित्र वाचतात. "गुफा?" त्या एकदम पुढे सरकून बसल्या.

"क्लोज्ड असेल," नवरा म्हणाला. कार पार्क गाड्यांनी भरला होता.

मी इंडिकेटर दिला. गाडी मी चालवत होते, त्यामुळे त्याचा नाइलाज होता.

उतरल्यावर इजांनी कमरेवर हात ठेवून मुलाला सुनावलं, "मी हिच्या आत जाऊन बाहेर आले, तर शिवरात्रीला मला खाली उतरू द्यायचं. कबूल?"

"कबूल. तुम्ही दोघी जा, मी गाडीत थांबतो."

"आणि मी गेले की नाही ते बघणार कोण? बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवशील?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तो आला.

गुहेच्या तोंडाशीच पहिली अडचण आली. आमची गाइड, फ्लीसचं जाकीट घातलेली एक तरुण मुलगी, हेल्मेटं वाटत होती आणि इजा शांतपणे बूट-मोजे काढून बाजूला लावत होत्या. मुलगी म्हणाली, सॉरी, फुटवेअर घालावंच लागेल, सेफ्टी. मी इजांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला, उंबरठ्यासारख्या दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि बूट परत चढवत म्हणाल्या, "बूट पायात आहेत, मनात नाहीत. देवाला कळतं." मग डोक्यावरच्या पदरावर पिवळं हेल्मेट घातलं आणि सगळ्यांच्या पुढे निघाल्या.

आणि काय निघाल्या! कठडा धरून, पाय तिरका ठेवून, ओल्या पायऱ्या अशा उतरल्या की मागचे रॅम्बलर, म्हणजे डोंगर तुडवत हिंडणारे, आजी-आजोबा आपापल्या काठ्या सावरत बघत राहिले. गाइडनं टॉर्च मारून छताला लोंबणारे सुळके दाखवले. यांना आम्ही गाजरं म्हणतो, ती म्हणाली. मी भाषांतर केलं. इजांना ते अजिबात पटलं नाही. "गाजरं? शंकराच्या जटा आहेत त्या. तिला सांग." मी सांगितलं. पुढे चेटकिणीची बोटं आली, ती कामधेनूची आचळं निघाली. मग एका गोल दगडावर वरून पाणी ठिबकताना दिसलं आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "गणपती!" फक्त त्यांचा गणपती डावीकडे बघत होता आणि माझा उजवीकडे. सोंडेवरून आमचं तिथंच जुंपलं. गाइड हसत म्हणाली की उद्यापासून ती हीच नावं सांगणार. मला इतका आनंद झाला होता की मी नवऱ्याकडे वळून म्हटलं, "बघितलंस? हरलास तू!"

तो खूप मागे उभा होता.

पुढे छत खाली येत होतं आणि सगळ्यांनी वाकून एका अरुंद बोळातून जायचं होतं. "तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला, "मला एक ईमेल बघायचंय." गुहेत, जमिनीच्या पोटात, ईमेल! हेल्मेटखाली त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि आत तर थंडीनं माझे दात वाजत होते. तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. हॉस्पिटलात हा कधीच लिफ्ट घेत नाही, फिटनेस म्हणतो. लंडनला एजवेअरच्या मित्राकडे जायचं तर जमिनीखालची ट्यूब सोडून बस बदलत बदलत नेतो, म्हणे शहर बघायला मिळतं. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला, डॉक्टर म्हणवते स्वतःला, आणि मी त्या बसमधून खरोखर शहर बघत बसले होते. प्रश्न इजांच्या गुडघ्यांचा कधी नव्हताच. आपली आई त्या भोकात उतरतेय, हे त्याला हजारो मैलांवरूनही सोसत नव्हतं. मला त्याची फार फार माया आली.

इजा बोळाच्या तोंडाशी पोचल्या होत्या. त्या परत आल्या. मला बाजूला करून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कुमाऊँनीत बोलू लागल्या, हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. मला निम्मंच कळलं, उरलेलं त्यानं नंतर सांगितलं. "तेव्हा माझं चुकलं. तुला पुढे पाठवलं होतं, आणि मागून लोक रेटत राहिले. आज मी पुढे राहते. तू माझ्या पाठीवर हात ठेव आणि डोळे मीट. थांब म्हणालास की थांबू."

तो पाच फूट अकरा इंच, त्या जेमतेम त्याच्या खांद्याला. तसे दोघं बोळात शिरले. मध्ये एकदा थांबले. मागचे आजी-आजोबा एक पाऊल मागे सरकले. मग पुन्हा पावलं वाजली, आणि मी शेवटी बाहेर पडले तेव्हा तो पलीकडच्या मोठ्या दालनात उभा होता, डोळे उघडे.

तिथं गाइड म्हणाली, आता मी सगळे दिवे घालवणार आहे, खरा अंधार कसा असतो ते बघा. मी घाईघाईनं नको म्हणायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. स्वतःचा हात दिसेना. पाणी ठिबकत होतं आणि मी कान देऊन त्याचा श्वास शोधत होते. तेवढ्यात अंधारातून एक आवाज उठला, घोगरा, थोडा फाटलेला: "जय भोलेनाथ!" दालनभर तो घुमला. दिवे लागले तेव्हा माझा नवरा लाजून हसत होता आणि रॅम्बलर आजोबा टाळ्या वाजवत होते.

कार पार्कमध्ये इजांनी हँडबॅग उघडली आणि घंटा मांडीवर घेतली. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. हा सहा-सात वर्षांचा असताना गुहेत दिवा विझला, हा किंचाळत बाहेर आला आणि कित्येक दिवस घरातही दार लावू देईना. तिकडे गोलूदेवाकडे गाऱ्हाणं घालायची रीत आहे. काम झालं की देवळात घंटा बांधायची. इजांनी मुलाची भीती जाऊ दे म्हणून गाऱ्हाणं घातलं आणि इतकी खात्री की येतानाच घंटाही विकत घेतली. मग ती तशीच राहिली. मुलगा जिथं, तिथं घंटा घेऊन त्या जात राहिल्या, कधी वेळ येईल सांगता येत नाही म्हणून.

"मग आता सोडा की फडकं," मी म्हटलं.

"एका गुफेनं काय होतं?" त्या म्हणाल्या. "तीही विलायती." आणि घंटा परत बॅगेत गेली.

सोमवारी माझी सुट्टी होती. आम्ही दोघी किचनमध्ये मटार सोलत होतो. दुपारी नवऱ्याचा फोन आला. "ऐक, मी लिफ्टमध्ये आहे. एकटा. थर्ड फ्लोअर गेला आत्ता..." आणि लाइन कट झाली. लिफ्टमध्ये सिग्नल जातो. मी फोन हातात धरून हसायला लागले आणि मग मला रडूही आलं.

"क्या हुआ?" इजा घाबरून उठल्या. मी सांगितलं.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आत जाऊन घंटा आणली. फडक्याची गाठ इतकी जुनी झाली होती की बोटांनी सुटेना, शेवटी त्यांनी ती दातांनी सोडली. मला वाटलं, आता त्या वाजवतील. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"बांधायची देवळातच, शिवरात्रीला. तिघं जाऊ," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुझी आरती अर्धी राहिली होती ना, ब्वारी? पूरी कर."

मी मटाराच्या सालींमध्ये उभी राहून दुसऱ्या कडव्यापासून सुरुवात केली. इजांना शब्द येत नव्हते. त्या टाळ्यांनी ठेका देत होत्या.