वंदना आधी कागदावर चालवायची

आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले आम्ही चार-पाच जण शहापूरला कधी जमलो, की आधी चहा येतो आणि चहाच्या मागोमाग वंदना. ती स्वतः नाही, तिचे किस्से! गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. प्रत्येक भेटीत एखादा नवा सापडतो, जुन्याला कुणीतरी शेपूट जोडतं. शेवटी कुठलं खरं आणि कुठलं आम्ही वाढवलेलं, हे तिलाच फोन करून विचारावं लागतं. इथले सगळे तिनं पास केलेले आहेत.

वंदना मोबाइलचे प्रोग्राम लिहिते. तानशाजवळच्या बौद्धवाडीतली. वडील धरणाच्या पाइपलाइनवर वॉलमन, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे-बंद करायचे, आई भातलावणीला, कापणीला मजुरीवर. मी मुरबाडहून एसटीनं यायचो, ती तानशाहून. क्लास शहापूरच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानावर. भोईर सर एकटेच शिकवायचे. कॉम्प्युटर तीन, आम्ही अकरा!

* * *

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. लाइट गेली की आम्ही खाली वडापावला. वंदना मात्र खिडकीपाशी वही घेऊन बसायची. प्रोग्रामच्या एकेका ओळीवर बोट ठेवायची आणि पुटपुटायची, "आता ए झाला पाच... आता बी झाला सहा..."

आमच्यातला सुधीर म्हणाला, "ही काय पोथी वाचते का रे?"

एकदा दोन तासांनी लाइट आली. सरांनी एकेकाचा प्रोग्राम चालवायला घेतला. माझा पडला. सुधीरचा पडला. पडत पडत दहा पडले. वंदनाचा पहिल्या फटक्यात चालला!

सर खूश. "वा! एकदापण अडकला नाही?"

"अडकला ना सर," वंदना म्हणाली. "वहीत तीनदा अडकला."

* * *

तिचे बाबा एकदा क्लास बघायला आले. पोरगी रोज जाते ते नक्की कुठे, हे त्यांना बघायचं होतं. अंगात खाकी, हातात टोपी, चपला जिन्याखाली काढून आलेले.

नेमकं त्याच वेळी वंदनाचं काहीतरी चुकलं आणि स्क्रीनवर तिचं नाव धावायला लागलं. वंदना वंदना वंदना... थांबेचना! सर एकेक बटण दाबतायत, नाव आपलं पळतंय.

बाबा हरखून बघत होते. "लय जोरात चाललंय गो तुझं नाव!"

"चुकलंय बाबा. बंदच होत नाय."

बाबांचा चेहरा बदलला. एकदम ड्यूटीवरचा झाला. "कुनी सोडलं हे?"

"मीच."

"उघडायच्या आधी बंद कुठून करायचं ते बघतात ना? तिकडं मी असं केलं तर गावं व्हातील!"

सरांनी गुपचूप मेन स्विच पाडला. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'उघडण्याआधी बंद कुठून करायचं ते बघा.' आणि खाली लिहिलं, 'वंदनाचे वडील.' आठवडाभर कुणी ते पुसलं नाही.

* * *

बीएस्सी झाल्यावर नोकरीचं अवघड झालं. चार ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, चारही ठिकाणी इंग्रजीवर अडलं. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण आईनं शेजारच्या लावणीच्या टोळीत तिचंही नाव सांगून ठेवलं होतं. वंदना म्हणते, "मला त्याचा राग नाही आला. भीती वाटली. कारण लावणी मला चांगली येत होती!"

पाचवी कंपनी ठाण्याची. साहेबांनी विचारलं, "घरी कुठला कॉम्प्युटर आहे?"

"नाही."

"मग प्रॅक्टिस?"

तिनं पिशवीतून सात फुलस्केप वह्या काढून टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एक उघडली, पाच मिनिटं वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पडणार."

"नाही पडणार सर."

साहेबांनी तो प्रोग्राम स्वतः टाइप केला. चालवला. पडला!

साहेबांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं तो बाजूला केला, वही ओढली, पेन काढलं आणि तिथेच मान खाली घालून बसली.

"अहो, इथे करा ना! मशीन समोर आहे."

"हो सर," ती वर न बघता म्हणाली. "आधी कागदाला कळू दे."

साहेब सोमवारपासून या म्हणाले.

* * *

पुढे त्या कंपनीनं मोबाइलचं काम घेतलं. ॲप हा शब्द तेव्हा आमच्याकडे यायचा होता. बटणांचा फोन, काडेपेटीएवढा स्क्रीन. बाकीचे त्याला खेळणं म्हणायचे, म्हणून ते काम वंदनाकडे आलं.

वाडीत बातमी पोचली, वंदी मोबाइलचं काम करते. झालं! रविवारी घरी आली की अंगणात रांग. कुणाचं चार्जिंग उतरतंय, कुणाचा फोन भातात पडलाय. ती कुणाला नाही म्हणायची नाही. स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा घेतला बिचारीनं!

एकदा यशोदाकाकू आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "माझ्या फोनला येड लागलंय. मुलाला लावला तर कुनी वायरमन बोलतो."

"काकू, मुलाचा नंबर शोधता कसा?"

"खाली चारदा, मग हिरवं."

मुलानं मध्ये एक नवं नाव टाकलं होतं. मुलगा चारवरून पाचवर गेला होता!

सोमवारी ऑफिसात वंदनानं आपल्या प्रोग्राममधली नवीन सोय यादीच्या अगदी तळाला टाकली. साहेब म्हणाले, "नवीन गोष्ट वर पाहिजे!"

"नको सर. यशोदाकाकूंचा हिशोब चुकेल."

"यशोदाकाकू कोण? क्लायंट?"

"हो," वंदना म्हणाली.

* * *

आणि हा शेवटचा. याला मी आणि सुधीर साक्षीदार.

बाळाच्या लसींच्या तारखा सांगणारा एक प्रोग्राम ती करत होती. गावातल्या बायांसाठी. कंपनी म्हणे इंग्रजीत ठेवा. वंदना म्हणे मराठीत. पण त्या फोनला मराठी अक्षरं माहीतच नव्हती! मग तिनं चौकटीच्या वहीत एकेक चौकोन काळा करून अख्खी बाराखडी काढली आणि चित्रं म्हणून फोनात घातली. त्यात तीन आठवडे गेले. साहेब वैतागले. म्हणाले, "एवढ्या बारीक स्क्रीनवर हे कोण वाचणार? सोमवारी मला सांग, गावातल्या एखाद्या बाईनं हे अख्खं वाचलं का. नाहीतर इंग्रजी."

रविवारी तिनं आम्हाला वाडीवर बोलावलं. आमचे फोन वेगवेगळ्या बनावटीचे, म्हणून. तिघांच्या फोनवर चाललं. पण आम्ही शिकलेले, आमचं काय!

वंदनानं फोन आईच्या हातात दिला. आई पंचेचाळिशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकलेली. त्या रविवारपर्यंत एसटीच्या पाट्या आणि कॅलेंडर, एवढंच तिचं वाचन.

आईनं हात धुतले, पदराला पुसले. फोन लांब धरला.

"बा... ळा... चं... नाव. बाळाचं नाव!"

वंदना ओठ दाबून बसली होती.

"ज... न्म... ता... रीख. पु... ढ... ची... लस." आईचा आवाज चढत चालला. चुलीवरचा भात करपायला लागला, तरी कुणी उठेना. बाबा तर दारातच टोपी हातात घेऊन उभे. एकेक ओळ करत आईनं अख्खा स्क्रीन वाचला. राहिलं फक्त खालच्या कोपऱ्यातलं बटण, प्रोग्राम बंद करायचं.

"बा... हे... र... जा."

आई थांबली. पुन्हा एकदा मनात वाचलं. वंदनाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग फोन अलगद वंदनाच्या हातात ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून अंगणात गेली.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय.

बाहेरून आवाज आला, "आले गो बाहेर! आता काय करू?"