अडतीसनंतर एकोणतीस

आमच्या चिंचवडच्या सायकलवाल्या वस्तादांनी मला फसवलं. एकदा नव्हे, सलग तीन वर्षं, रोज पहाटे, सोळा माणसांच्या देखत फसवलं, आणि ते सोळा जण माझ्या शेजारी घाम गाळत गप्प राहिले. इतका सरळ दिसणारा आणि इतका बेमालूम फसवणारा दुसरा माणूस या मुलखात झाला नसेल असं माझं ठाम मत आहे, आणि मी मतं उगाच बनवत नाही. माझा धंदा बारदानाचा, म्हणजे गोणपाटाच्या पोत्यांचा. चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा ज्या पोत्यांत भरून बाहेर जायचा ती पोती माझी. खांद्यावर वीस पोती टाकून रहाटणीपासून चऱ्होलीपर्यंत पायी हिंडत मी सुरुवात केली होती. पुढे पुढे तर थप्पी लांबून पाहून तिच्यात नग किती आणि मधे फाटके किती घुसवलेत हे मी सांगत असे. दोन नगांचा फरक निघाला तर सगळी थप्पी उतरवून पुन्हा मोजायला लावायचो, मग समोरचा माणूस सासरा का असेना. एकदा तो सासराच होता. अशा माणसाला मोजणीत फसवलं गेलं, तेव्हा ही गोष्ट मी सोडून द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये.

गोष्ट स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांची. पिंपरीच्या बाजूला कारखान्यांची कुंपणं नुकती उभी राहत होती. माझा धंदा वाढला, मी गादीवर बसलो, आणि बसलो तो बसलोच. एके दिवशी गोदामात थप्पीवर चढलो असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली आलो. खाली पोती होती म्हणून बचावलो. लोखंडाचा व्यापारी असतो तर हे लिहायला उरलो नसतो. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "मुलगी केवढी आहे?" मी म्हणालो, चार वर्षांची. ते म्हणाले, "असंच बसून राहिलात तर ती सहा वर्षांची झालेली तुम्ही पाहणार नाही. रोज व्यायाम करा." मी सवयीनं विचारलं, "एक दिवसाआड चालेल?" डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. भाव तुटला की माणूस असाच पाठ फिरवतो, हे मला धंद्यातून माहीत होतं. मी घाबरलो.

पहिला महिनाभर मी घरातच दार लावून बैठका काढल्या. पहिल्या दिवशी वीस. दुसऱ्या दिवशी मी स्वतःशी घासाघीस सुरू केली, आणि माझ्यासारखा घासणारा समोर असल्यावर माझा काय निभाव लागणार? विसाच्या पंधरा झाल्या, पंधराच्या आठ, आणि महिनाअखेरीस मी चटईवर उताणा पडून व्यायामाचा नुसता विचार करत असे. शेवटी बायकोच म्हणाली, "दाराच्या आत तुम्हाला कोण विचारणार? सायकलवाल्यांच्या तालमीत जा."

वस्तादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला. त्यांचं मुसलमान घराणं चिंचवडात आमच्या आधीपासूनचं. वय साठीच्या आसपास, कुस्तीत मोडून मोडून कानांच्या पाकळ्यांची झालेली गोळी, पिकलेली मिशी आणि आवाज असा की दुकानात शिंकले तर फलाटावरचे लोक गाडी आली म्हणून उठत. पहाटे ते पवनेकाठच्या तालमीत असत. तिथं बजरंगबलीच्या तसबिरीपुढे उदबत्ती तेच लावत, मग 'बिस्मिल्ला' म्हणून लाल मातीला हात लावत, आणि दोघांपैकी कुणाचीच तक्रार कधी आल्याचं ऐकलं नाही.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "शेठ, आपल्याकडे शंभर बैठका."

मी म्हणालो, "पंचवीस."

"शेठ, ही भाजी नाही."

"म्हणून तर पंचवीस म्हणालो. भाजी असती तर दहा म्हणालो असतो."

ते ऐंशीवर आले, मी तीसवर गेलो. मी उठून जायचं नाटक केलं, चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेलो. मग पन्नासवर तुटलं. "पण पन्नासच्या वर एकही नाही," मी बजावलं. वस्तादांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जबान दिली शेठ, पन्नासच्या पुढे एक आकडा मोजणार नाही." घरी येऊन मी बायकोला सांगितलं की आज आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा मारला. शंभराचा माल पन्नासात.

या माणसाला एकटेपणाचा मनस्वी राग होता. कुठलीही गोष्ट एकट्यानं करणं म्हणजे त्यांच्या मते निम्मी चोरी. दुकानात गिऱ्हाईक एकटं आलं तर ते पंक्चर काढायला बसत नसत. "थांबा, अजून एक येऊ द्या" म्हणत. चाकात हवा भरायची तर पंपावर एकाला लावत, दुसऱ्याला चाक धरायला लावत आणि रस्त्यानं जाणाऱ्या तिसऱ्याला बोलावून दट्टे मोजायला उभं करत. मी एकदा म्हणालो, वस्ताद, हे काम एका माणसाचं आहे. ते म्हणाले, "एकट्यानं हवा मारली तर पंधरा दट्ट्यांत माणसाला वाटतं, झालं बुवा. तिघं असले की कुणालाच असं म्हणता येत नाही." चहासुद्धा त्यांना एकट्यानं घशाखाली उतरत नसे. कुणी सापडलं नाही तर कपबशी हातात घेऊन ते फलाटावर जात, एखाद्या हमालाला अर्धा चहा बशीत ओतून देत, आणि मग शांतपणे आपला अर्धा पीत.

तालमीत तर हे वेड पुरतं फोफावलेलं. कंपनीत कामाला असलेला बीडकडचा एक माणूस रात्रपाळी संपवून थेट यायचा. एकदा तो बैठकीला बसला तो उठेचना. पाहिलं तर बसल्या जागी झोपलेला. आम्ही हसलो. वस्ताद हसले नाहीत. "याच्या राहिलेल्या आपण वाटून घेऊ," म्हणाले, आणि आम्हा प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-दोन जादा आल्या. मी तिथल्या तिथे हरकत घेतली, की दुसऱ्याच्या झोपेचा बोजा माझ्यावर का? वस्ताद म्हणाले, "उद्या तुमचा बोजा तो उचलेल." आणि खरोखरच, माझ्या पायात गोळा आला त्या दिवशी त्या झोपाळू माणसानं माझ्या वाट्याच्या काढल्या, न सांगता, डोळे मिटून.

आणि दांडी मारायची तर सोयच नाही. पौषातल्या थंडीत एकदा मी गोधडीतून उठलो नाही. अर्ध्या तासानं अंगणात धपधप आवाज येऊ लागला. बायको खिडकीतून पाहून आली. "उठा," ती म्हणाली, "तुमचे पाव्हणे लंगोटावर आलेत." सोळा माणसं माझ्या अंगणात रांगेनं बैठका काढत होती आणि वस्ताद तुळशीपाशी त्यांच्याबरोबर बसत-उठत, शेजारी जागे होतील अशा आवाजात मोजत होते. मी बाहेर येईपर्यंत ते थांबणार नव्हते. वर बायकोनं त्या सगळ्यांना गरम दूध दिलं आणि गुळाची ढेप पुढे ठेवली. दोन्ही संपलं. त्यानंतर मी आजारी असलो तरी तालमीत जाऊन सांगू लागलो, घरी राहून सांगण्याची सोय उरली नव्हती.

तिसऱ्या वर्षी मी पुण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी लावली, पुन्हा लावली, मग मला जिना दोनदा चढून यायला सांगितलं. मी आलो. नळी खाली ठेवून ते म्हणाले, "ठणठणीत आहे. काय केलंत?" मी अभिमानानं सांगितलं, "फक्त पन्नास बैठका." ते जरा साशंक दिसले, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो आणि कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मुलगी सात वर्षांची झाली होती. घरी आल्यावर तिला खांद्यावर घेऊन मी गोदामातल्या सर्वांत उंच थप्पीवर चढलो. बायको खालून ओरडत होती आणि हसत होती.

याच सुखाच्या दिवसांत ती भानगड उघडी पडली. वस्ताद भाच्याच्या लग्नाला गेले आणि जाताना म्हणाले, "शेठ, दोन दिवस तुम्ही मोजा, तुमचा तर धंदाच मोजण्याचा." मी तालमीतल्या मातीच्या हौदाच्या काठावर हात मागे बांधून उभा राहिलो, मोजणारानं थप्पीच्या बाहेर उभं राहावं तसा, आणि एक ते पन्नास खणखणीत मोजले. सगळे थांबले. कुणाला धड घामही आला नव्हता. रहाटणीचा एक म्हातारा गवळी तालमीत सर्वांत जुना. तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, "झालं व्हय?"

"झालं. पन्नास."

"शेठ, आपलं पन्नास एवढं आखूड नसतंय."

कुणीतरी फिदकन हसलं. माझी कानशिलं तापली.

वस्ताद परतले त्या पहाटे मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं आणि सदऱ्याच्या डाव्या खिशात चिंचोके भरून काठावर बसलो. एका बैठकीला एक चिंचोका उजव्या खिशात. वस्ताद माणसांबरोबर बैठका काढत होते आणि त्याच दमात मोजत होते. आपल्या आकड्यांत प्रत्येक दशकाच्या तोंडाशी एक 'एकोण' उभा असतो, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे एका तोंडवळ्याचे भाऊ. तिथंच या माणसानं भोक पाडलं होतं. "छत्तीस, पाठ सरळ ठेवा; सदतीस, गवळीदादा, गुडघा; अडतीस, एकोणतीस, तीस, एकतीस..." आवाजात तसूभर फरक नाही. पुढे अठ्ठेचाळीस आले की पुन्हा एकोणचाळीस. दोनदा दहा पावलं मागे. पन्नास म्हणून ते थांबले तेव्हा माझ्या उजव्या खिशात सत्तर चिंचोके होते.

मी सगळे त्यांच्यापुढे ओतले. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नदीपलीकडून लोक काठावर येऊन उभे राहिले एवढं सांगतो. वस्ताद अंग पुसत ऐकत होते. मी दमलो तेव्हा म्हणाले, "शेठ, सौदा काय होता? पन्नासच्या पुढे आकडा मोजायचा नाही. तीन वर्षांत एक्कावन्न ऐकलात कधी?"

"आणि या वरच्या वीस?"

"त्या मी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर तुम्ही काढल्या असत्या का?"

मी उरलेल्यांकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की," गवळी म्हणाला. "आमाला बी असंच घोळात घेतलं व्हतं. आता कळतंय, पर मोडवत न्हाई. शेजारचा बसतोय म्हटल्यावर आपण एकट्यानं उभं कसं ऱ्हायचं?"

मी आठ दिवस वस्तादांशी बोललो नाही. तालमीत मात्र रोज गेलो. सत्तर काढल्या आणि एकोणतीस आलं की मुद्दाम खाकरत राहिलो.

पुढल्या वर्षी वस्तादांची नजर अधू झाली. चाकाची तार हाताला लागेना तेव्हा मिरजेची त्यांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. स्टेशनवर आम्ही सतराही जण होतो. गाडी हलताना ते डब्यातून एवढंच म्हणाले, "उद्या शेठ मोजतील."

दुसऱ्या दिवशी मी काठावर जाऊन उभा राहिलो. गवळी म्हणाला, "तिथं न्हाई शेठ. वस्ताद आमच्यासंगं बसायचे." मग मी रांगेत उतरलो आणि बैठका काढत मोजू लागलो. ज्याला सत्तर काढायची सवय झालेली, त्या माझा दम अठराव्या आकड्याला उखडला. नुसतं बसणं-उठणं वेगळं आणि सोळा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजत बसणं-उठणं वेगळं. तेविसाव्याला घसा कोरडा, एकतिसाव्याला आवाजच फुटेना. मी तोंड उघडं टाकून तसाच उठलो. तेवढ्यात मागून गवळ्यानं "बत्तीस" म्हटलं, बीडवाल्यानं "तेहेतीस" म्हटलं, आणि पुढचे आकडे सगळ्यांनी मिळून उचलले. त्या दिवशी आम्ही किती काढल्या ते मी मोजलं नाही, ही माझ्या हयातीतली पहिली वेळ.

तेव्हापासून एक गोष्ट मला टोचत राहिली आहे. साठी उलटलेला तो माणूस आमच्याबरोबर रोज सत्तर काढत होता, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होता, मधेच आमच्या पाठी आणि गुडघे सांभाळत होता. त्यांचा आकडा आम्ही कधी उचलून धरला नाही. त्यांचा आवाज कधी अडला नव्हता, की अडला होता आणि आमच्या धापांत तो आम्हाला ऐकू आला नाही, हे आज कुणालाच सांगता येत नाही. मी एकेकाला विचारून पाहिलं. म्हणून माझं म्हणणं आहे की वस्तादांनी मिरजेहून यावं, दिसत नसेल तर मी हात धरून आणतो, हौदात आम्हा सतरा जणांपुढे उभं राहावं आणि सांगावं, की दम कोणकोणत्या दिवशी लागला होता आणि आम्हाला हाक का मारली नाही. याचा जबाब मला दुसऱ्या कुणाकडून नको, त्यांच्याच तोंडून हवा आहे.