नाव ओढणारी गाडी

आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर, पुलगावपासून सायकलनं तासाभराचं. गाव उंचावर असल्यामुळे आम्हाला पुराचं भय नव्हतं. भय होतं ते आतल्या गावांना. नदी तुडुंब भरली की नाल्यांचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे फिरतं, आणि नदीपासून कोसभर दूर असलेलं गाव बघता बघता वेढलं जातं. नाव होती ती मात्र आमच्या घाटावर. लोखंडी पत्र्याची, आठ-दहा माणसं बसतील एवढी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात नाल्यावरचं एक गाव असंच अडकलं. लोक शाळेच्या छपरावर चढून बसले होते. आम्ही नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोरांनी बांधली आणि निघालो. सरळ वाट पाण्याखाली होती, म्हणून मोठ्या रस्त्यानं वळसा घ्यावा लागला. वाटेत दोनदा नाव घसरून खाली आली. पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि दोन माणसं गेली होती: एक आजारी म्हातारी, आणि तिला आणायला पाण्यात उतरलेला तिचा मुलगा. आमच्या म्हाताऱ्या नावाड्यानं उरलेल्यांना चार खेपांत बाहेर काढलं.

त्यानंतर आसपासच्या गावांनी मिळून ठरवलं की नावेला चाकं लावायची आणि ती ओढायला दमदार गाडी घ्यायची. चिखलात चालणारी, सहा माणसं बसतील अशी, ट्रॅक्टरपेक्षा पळणारी. चाकांचा गाडा पुलगावच्या एका वेल्डरनं जुन्या ॲक्सलवर बनवून दिला. गाडी निवडायचं काम माझ्या वडिलांकडे आलं. बाबांनी पुलगावच्या फौजी डेपोत अठरा वर्षं ड्रायव्हरकी केली होती. पुढे नोकरी सोडून ते कपाशीच्या शेतीकडे वळले, पण पंचक्रोशीत कोणाची मोटार बिघडली की लोक आधी त्यांनाच विचारत. मी तेव्हा पुलगावला नुकताच मास्तर झालो होतो. सुटी होती, म्हणून त्यांच्यासोबत नागपूरला गेलो. नावाडीही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

कामठी रोडवर फौजेतून निघालेल्या गाड्या विकणारा एक व्यापारी होता. त्याच्या आवारात आमच्या कामाच्या दोन गाड्या निघाल्या. एक छोटी जीप, ताज्या हिरव्या रंगाची. दुसरी जोंगा, फौजेची दणकट गाडी, जीपच्या दीडपट मोठी, दारं चेपलेली, सीट फाटलेली. बाबा जीपच्या भोवती फिरले. बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला, तेल मोजायची कांडी बोटांवर पुसून वास घेतला, मग पाठीवर झोपून खालून पाहिलं. जोंगाकडे त्यांनी उभ्या उभ्याच पाहिलं.

"जीप घेऊ," ते म्हणाले. "इंजिन चांगलं आहे. हलकी आहे, चिखलात फसनार नाई."

नावाडी जीपच्या मागच्या हुकाला हात लावून पाहत होता. तो म्हणाला, "भाऊ, गाडी नावेले ओढन का, हे मी नाई इचारत. घाटाच्या उतारावर नाव गाडीले ढकलन, तवा काय करसान?"

बाबांना ते आवडलं नाही, पण ते खोटंही नव्हतं. आवारात पाण्याचा एक टँकर होता, दोन चाकांचा. बाबांनी व्यापाऱ्याला सांगून तो अर्धा भरून घेतला, म्हणजे वजन नावेएवढं व्हावं. तो जीपला अडकवला आणि आम्ही जवळच्या, रेल्वेवरून जाणाऱ्या पुलावर गेलो. चढ जीप सहज चढली. उताराला लागलो आणि मागून धक्का बसला. टँकर जीपला लोटायला लागला. बाबांनी ब्रेक दाबला तशी जीपची शेपूट आडवी झाली. मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. कसंबसं त्यांनी तिला रस्त्याच्या कडेच्या मुरमात उभं केलं. बाजूनं जाणारा एक रिक्षावाला आम्हाला शिव्या देऊन गेला.

मग जोंगा. तोच टँकर, तोच पूल. उतारावर ती मागचं वजन पाठीवर घेऊन शांतपणे खाली आली. पण मला दिसत होते ते बाबा. क्लच दाबताना त्यांचा डावा पाय थरथरत होता. एका गेअरला तर त्यांनी तळहातानं गुडघा खाली दाबला. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावरून पडले होते, त्यानंतर तो गुडघा पुरता बरा झालाच नव्हता. आवारात परत आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरून म्हणाले, "हेच घ्याची."

गावापर्यंत गाडी व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरनं आणली. गावात कुरकुर झालीच. हे पेट्रोल पिणारं धूड कशाला, जीप काय वाईट होती? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "तुह्या काकाले बोलावून आन."

हे काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बिनसलं होतं. नऊ वर्षं एकमेकांच्या दारात पाय ठेवला नव्हता. पण ट्रॅक्टर चालवण्यात काकांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

"काऊन?" मी विचारलं.

"मले नाई चालवता येत हे गाडी. पाय साथ नाई देत."

"मग जीप घ्यायची होती. ती तर चालवता आली असती."

"आली असती ना," बाबा म्हणाले. "म्हनूनच तर पयले जीप म्हनली मी. त्या उतारावर समजलं मले. मी गाडी नाई पाहून राह्यलतो, माही सीट पाहून राह्यलतो."

मी काकांकडे गेलो. ते अंगणात वखराची लोखंडी पास ठोकत बसले होते. निरोप ऐकून त्यांनी हातोडी खाली ठेवली. "त्यानं सोता सांगतलं?" एवढंच विचारलं. संध्याकाळी ते आले, पण फाटकाबाहेर उभे राहिले. बाबा लंगडत गेले आणि त्यांच्या हातात किल्ली दिली.

"अन् धुऱ्याचं?" काका म्हणाले.

"धुरा कोठी पळून नाई जात. तू आधी गाडी शिक."

सारा उन्हाळा शिकवणी चालली. सगळ्यात कठीण होतं नाव मागे घेणं, कारण स्टिअरिंग एकीकडे वळवलं की मागचा गाडा दुसरीकडे जातो. काका घाटावर दहादा चुकायचे. कोणाचा एक शब्द ऐकून न घेणारा तो माणूस, बाबांच्या शेजारी बसून मान हलवायचा आणि पुन्हा गाडी वर घ्यायचा. नावाडी गुडघाभर पाण्यात उभा राहून हात दाखवायचा.

दोन पावसाळे कोरडेच म्हणावे असे गेले. लोक गाडी लग्नाच्या वरातीला मागू लागले. बाबा नाही म्हणत. आजाऱ्याला वर्ध्याला न्यायचं असेल तर मात्र काका जेवणाचं ताट सोडून उठत.

तिसऱ्या वर्षी पाणी आलं. तेच नाल्यावरचं गाव. आम्ही तासाभरात तिथे पोचलो. शेतांमधली शेवटची पांदण म्हणजे नुसता काळा चिखल होता. काकांनी चारही चाकं ओढणारा स्पेशल गेअर टाकला आणि गाडी गुरगुरत निघाली. नाल्याच्या उतारावर त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"ब्रेकले पाय नको लावू," बाबा म्हणाले. "गेअरवर उतर."

नाव सरळ पाण्यात गेली. नावाड्यानं नऊ खेपा केल्या. एक म्हातारा बैलांना सोडून यायला तयार नव्हता. नावाडी त्याच्याशी वाद घालत बसला नाही. दोन्ही बैलांची दावी नावेला बांधली आणि त्यांना पोहवत आणलं. त्या दिवशी कोणी गेलं नाही. शेवटची खेप काठाला लागली तेव्हा काका गाडीला टेकून बिडीसाठी काड्यापेटी शोधत होते. बाबांनी काडी ओढून त्यांच्यासमोर धरली.

पुढे सरकारनं ते गाव उंच जागी हलवलं आणि नाल्यावर पूल झाला. धुऱ्याचा वाद काही मिटला नाही. मोजणीचा विषय निघाला की दोघं अजूनही आवाज चढवायचे, आणि मी ते बरेच दिवस नवलानं पाहायचो. भांडण संपल्याशिवायही माणसं एकमेकांसाठी काही करू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गाडीला काम उरलं नाही, तरी बॅटरी उतरू नये म्हणून काका दर रविवारी ती सुरू करत. बाबा शेजारच्या सीटवर बसत. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन दोघं परत येत.