डोहावरचे सात करकोचे

यंदाची यादी मिळाली नाही म्हणून तुम्ही दोघा नातवंडांनीही विचारलंत. थंडीत आपल्याकडे राहायला आलेले पक्षी माघ संपता संपता उत्तरेला परत निघतात, आणि कोणता पक्षी कुठे, किती, शेवटचा कधी दिसला ते मी दर वर्षी होळीच्या आत तुम्हाला लिहून पाठवते. तुमच्या आईला वाटलं, माझी तब्येत बिघडली. तब्येत ठीक आहे. यादीही तयार होती. पण तिच्यातल्या एका ओळीशी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचा जीव बांधलेला होता, आणि ती ओळ गाळून यादी पाठवणं मला जमलं नाही.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. अंगणात रोज शेपटी हलवत फिरणाऱ्या धोबी पक्ष्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा रुंद होऊ लागला, म्हणजे त्याची निघायची तयारी. काटेसावरीला फुलं आली आणि त्यांवर गुलाबी भोरड्यांचा थवा उतरला. त्यांच्या कलकलाटात मला फोनवर तुमच्या बाबांचं बोलणं ऐकू येईना. एकदा कल्याणला निघाले होते, तर आटगाव स्टेशनबाहेरच्या तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसलेल्या. त्या मोजत उभी राहिले आणि गाडी गेली. एकशे चौदा मोजल्या होत्या, म्हणून वाईट वाटलं नाही.

मग एका सकाळी डोहावर करकोचे दिसले.

आपल्या घरामागचा ओढा तुम्ही पावसाळ्यातच पाहिला आहे. फाल्गुनात तो पार आटतो आणि उंबराखाली एक डोह तेवढा उरतो, वीस-पंचवीस पावलं लांब. ओढ्यातले सगळे मासे त्यात येऊन अडकतात. त्या काठावर सात काळे करकोचे उभे होते. पाठ काळी, उन्हात हिरवट-जांभळी चमकणारी, पोट पांढरं, चोच आणि पाय लालभडक. चाळीस वर्षांत मी इथे काळा करकोचा दोनदा पाहिला होता, तोही एकेकटा. हे सात जण लांबच्या वाटेवर पोट भरायला थांबले होते.

म्हातारा शेळ्या घेऊन तिथे आला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण शेळी ओरडण्यावरून ओळखायचा. मी शाळेत शिकवत होते तेव्हापासून मला बाई म्हणायचा आणि मी त्याला बाबा.

"काय गावलं आज?" त्याने विचारलं.

"सात आहेत, बाबा. काळे करकोचे."

"सात! म्हंजे डोवात मासं हायत अजून." तो हसला. "बाई, येवडी दुर्बीण लावून बगताव, आन् तुमाला मासा एक पन दिसला नाय?"

"मी मासे बघत नाही."

"मंग काय, पाखराच्या तोंडात काय हाय ते पन नाय बगत? शिकलेल्या मानसांचं काय खरं नाय."

तिथेच त्याने ठरवलं की रविवारी डोहात गेळ टाकायचं. होळीच्या आधी गेळ टाकायची इथली जुनी रीत. गेळाच्या काटेरी झाडाची फळं दगडावर ठेचायची आणि तो चोथा डोहात कालवायचा. मासे गुंगतात, वर येतात, बायका टोपल्यांनी ते गोळा करतात. माणसाला त्याचं काही होत नाही, आणि जे मासे हाताला लागत नाहीत ते थोड्या वेळाने शुद्धीवर येऊन पुन्हा खाली जातात. गेळ सोडायचा मान म्हाताऱ्याच्या घराचा. बायका यायच्या आत त्याने एकट्याने डोहावर जायचं, ओंजळभर पाणी प्यायचं आणि मगच चोथा सोडायचा. पाणी कशाला प्यायचं, असं मी फार पूर्वी त्याला विचारलं होतं. "डोव काय माजा हाय, बाई? इचारल्याशिवाय कसा हात घालू?" तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मी पोहे आणायला दुकानात गेले. तिथे चार-पाच जण बसले होते. मी इतकी आनंदात होते की त्यांनाही सांगितलं: डोहावर सात काळे करकोचे आहेत, पुन्हा कधी दिसायचे नाहीत, जाऊन बघा. मला तो पक्षी दाखवायचा होता. ऐकणाऱ्यांनी त्यातून डोहात मासे आहेत एवढंच घेतलं; ते म्हाताऱ्याने मला आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

रविवारी पावणेसातला मी बांधावर जाऊन उभी राहिले. डोह माझ्यापासून शंभर-सव्वाशे पावलं. पाणी गढूळ होतं. पाच करकोचे उभे होते, माना आखडून. सहावा काठावर बसला होता, पाय पोटाखाली घेऊन. सातवा दिसत नव्हता. रोजचा खंड्या फांदीवर नव्हता. मी वही काढली आणि लिहिलं: "५ उभे, १ बसलेला, ७वा नाही. बसलेला बहुधा विश्रांती घेत असावा, प्रवासाचा शीण." खाली तारीख, वेळ, हवा. मग घरी आले, चहा केला, आणि वहीतलं नीट अक्षरात उतरवून काढायला बसले.

आठच्या सुमारास बायकांचा ओरडा ऐकू आला.

म्हातारा रीतीप्रमाणे पुढे गेला होता. ओंजळभर पाणी प्याला, चोथा सोडला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून काठीने ढवळू लागला. मासे वर येईनात, तसा तो आणखी ढवळत राहिला. सून टोपली घेऊन पोहोचली तेव्हा तो तिला म्हणाला, "गो, डोल्यापुडं अंदार झाला." त्याचं अंग थरथरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. तिने त्याला ओढून काठावर आणलं. तेवढ्यात दुसऱ्या एकीला लव्हाळ्यात सातवा करकोचा सापडला, मेलेला, आणि त्याच्या चोचीत अर्धा मासा. तेव्हा सगळ्यांना कळलं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी डोहात फवारणीचं औषध ओतलं होतं, वर आलेले मासे गोळा करून नेले होते, आणि बाकीचे तळाशी गेले होते. करकोच्यांनी पहाटे ते खाल्ले.

आम्ही त्याला जीपमध्ये घालून शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. सुनेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती सारखी त्याच्या तोंडावरचा फेस पदराने पुसत होती. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी धरली आणि मला विचारलं, "औषध कोणतं होतं? बाटली मिळेल का? नक्की काय आहे ते कळलं तर बरं होईल." म्हाताऱ्याचा मुलगा वाशिंदच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होता, तो तिकडूनच येत होता. बाटली शोधायला गावात परत जाणारी मी एकटीच.

बावीस घरं आहेत. बाविसांच्याही दारात मी उभी राहिले. प्रत्येक ठिकाणी एकच सांगितलं: नाव नको, कुणी ओतलं ते विचारत नाही, फक्त बाटली द्या, म्हातारा जगला पाहिजे. कुणी पाणी पुढे केलं, कुणी दार पुढे ढकललं. एक बाई म्हणाली, "भेंडीवर फवारा काय आमीच मारतो का? बाटल्या सगल्यांच्याच मांडवात टांगल्यात, जावा बगून घ्या." एका ओट्यावर दोन तरुण मोबाइल बघत बसले होते. त्यांतला एक मान वर न करता म्हणाला, "बाई, सात पाखरं बसलीत ते तुमीच सांगलं ना दुकानात? आमाला कुटं ठावं व्हतं."

दुसरा हसला. मी तिथून पुढच्या घरी गेले.

सोमवारी सकाळी बाटली माझ्या ओट्यावर होती. कुणी ठेवली ते मला आजही माहीत नाही. आत तळाशी थोडं पिवळं औषध होतं, उग्र वासाचं. बाहेरचा कागद पात्याने खरवडून काढलेला, एक अक्षरही उरलेलं नव्हतं. इतक्या काळजीने खरवडायला अर्धा तास तरी लागला असेल.

तोपर्यंत म्हाताऱ्याला ठाण्याला हलवलं होतं. मी बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी ती उजेडात धरली, झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि म्हणाल्या, "आम्ही हेच धरून औषधं देतोय, आजी. पण वय बघा, आणि पोटातही गेलंय, अंगालाही लागलंय. फार वेळ त्या पाण्यात उभे होते." मुलगा भिंतीला टेकून उभा होता, कारखान्याचे कपडे अजून अंगावर. त्याने बाटली हातात घेतली, उलटीपालटी केली आणि मला परत दिली. मंगळवारी दुपारी म्हातारा गेला.

पोलीस आले, पाण्याचे नमुने घेऊन गेले, जबाब लिहून घेतले. बाटली मी त्यांच्या हातात दिली. बावीस घरांनी एकच सांगितलं, की आम्हाला ठाऊक नाही. डोहाभोवती काट्या टाकल्या, शेळ्या तिकडे जाऊ नयेत म्हणून. करकोच्यांतले चार तिथेच मेले. उरलेले तीन उडताना मी पाहिले नाहीत, त्यामुळे ते पोहोचले का हे मला सांगता येत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या घरी गेले. सून पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मला बसायला पोतं दिलं. मग ती म्हणाली, "बाई, रैवारी सकाळी तुमी बांदावर व्हतात ना? तुमाला पायलंय कुनी."

"होते."

"काय दिसलं?"

मी तिला सगळं सांगितलं. पाच उभे, एक बसलेला, सातवा नाही, खंड्या नाही. ते पाहूनही मी घरी गेले. त्यानंतर अर्ध्या तासाने बाबांनी पाणी तोंडाला लावलं, हेही सांगितलं. बसलेला विश्रांती घेतोय असं वहीत लिहिलं, तेही सांगितलं.

ती सुपातच बघत होती. "पान्याकाठी असं पाखरू खाली बसलं, तर आमची पोरं पन ढोरं तिथं नेत नाय," ती म्हणाली. "एक हाक मारली असतीत तर म्हातारा उबा राहला असता. त्याला दिसत नव्हतं, पन ऐकू चांगलं यायचं."

मी हो म्हटलं.

ती उठली. आत जाऊन तांदळाचं दुसरं सूप आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. दहाव्याला शंभर पानं उठायची होती आणि हात कमी होते. अंधार पडायला लागेपर्यंत मी खडे वेचत बसले.