पंखा बंद करणारे केशवभाऊ

मर्तिकाच्या घरात शिरले की केशवभाऊ आधी पंखा बंद करायचे. मे महिन्यातसुद्धा. मग घोळक्यातून वाट काढत प्रेतापाशी जायचे, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचे आणि घरच्यांना हात जोडून म्हणायचे, "डोळे वाळून राह्यले, भाऊ. देता का?"

सिंदीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मर्तिकाचं कापड तिथूनच जायचं, म्हणून कोण गेलं हे त्यांना आधी कळे. आमच्या नेत्रदान मंडळाचा सगळा भार त्यांच्यावर. पण नव्वदच्या दशकात गावाची एकच समजूत होती, डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळेपण. लोक त्यांना तोंडावर गिधाड म्हणत. मी शाळेतली मास्तरीण, तिथंच भांडायला उठायची. ते मला बाहेर आणत. "बाई, आज नाई म्हणून राह्यले. उद्या दुसऱ्या घरी जाऊ." त्यांच्या या गोडपणाचा मला भयंकर राग यायचा. एकही होकार मिळाला नव्हता.

मग भाजीवाले महादेवराव गेले. डोळे द्यायचे, असं ते बायकोला सांगून गेले होते. शांताबाईंनी मान हलवली आणि आम्ही सावंगीच्या रुग्णालयाची जीप बोलावली. तेवढ्यात महादेवरावांचा धाकटा भाऊ, भीमराव, शेतातून आला.

"पंखा काऊन बंद केला?" त्यानं पंखा लावला. केशवभाऊंनी पुन्हा बंद केला. भीमरावानं त्यांची कॉलर धरली. "माह्या भावाले आंधळा करून राह्यला का?"

"त्यायचीच इच्छा होती, भाऊजी," शांताबाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. जीप रेल्वे फाटकाशी अडकली होती, मालगाडी काही सरकेना. जीप पोचेपर्यंत तिरडी उचलली गेली. केशवभाऊ दारात उभे, हातातला कापूस ठिबकत होता. मी संतापानं रडले.

त्यानंतर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. लग्नाचे बस्ते वर्ध्याला जाऊ लागले. मुलगा विजय म्हणाला, "बाबा, दुकान बसून राह्यलं."

"दुकान बसू दे, पोरा. आपुन नाई बसाचं."

तेरवी आटोपल्यावर शांताबाईच दुकानात आल्या. "बायायले मी सांगीन," म्हणाल्या. त्या घरोघरी गेल्या, नवऱ्याची राहून गेलेली इच्छा सांगत बसल्या. आमच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्यांच्या सांगण्यानं हळूहळू झालं. एका घरानं हो म्हटलं, मग दुसऱ्यानं. भीमरावानं मात्र वहिनीशी बोलणं टाकलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी केशवभाऊ एका सकाळी छातीत कळ येऊन गेले. मी पोचले तेव्हा घर भरलेलं आणि पंखा भरधाव सुरू. विजय सुन्न बसलेला. बाहेरगावचे नातेवाईक कुजबुजत होते, आता देहाची विटंबना नको. जन्मभर भांडलेली मी, माझाच हात बटनाकडे जाईना. वेळ चालला होता.

कोपऱ्यातून भीमराव उठले. पाठीत वाकलेले. त्यांनी पंखा बंद केला, ओला कापूस मागितला, केशवभाऊंच्या डोळ्यांवर ठेवला आणि विजयपुढे हात जोडले.

"माह्या भावाचे मी देऊ देल्ले नाई, विजू. डोळे वाळून राह्यले. देतं का?"

विजयनं मान हलवली. जीप येईपर्यंत भीमराव बटनापाशी उभे राहिले, कुणी पंखा लावू नये म्हणून.