काकाजींचा बुधवार

आज वार कोणता हे आख्ख्या भिलाईत फक्त आपल्यालाच कळतं, अशी आमच्या शेजारच्या काकाजींची समजूत होती, आणि त्यांच्याशी वाद घालून परतलेला माणूस घरी जाऊन कॅलेंडरकडे संशयाने बघत असे. पोलादाचा कारखाना नवा होता, भट्टी रात्रंदिवस चालू, शिफ्ट आणि सुट्टी सारखी बदलणारी. कोणालाच वार लक्षात राहत नसे. काकाजींना राहत असे, कारण भंडाऱ्याकडच्या त्यांच्या घराची रीत ते बरोबर घेऊन आले होते : ज्या वाराचं त्या वारी जेवायचं. सोमवारी एकवेळ, बुधवारी मटण, गुरुवारी चण्याच्या डाळीचं पिवळंधमक वरण, शुक्रवारी आंबट बंद. एका शुक्रवारी कॅन्टीनवाल्याने त्यांच्या वरणात लिंबू पिळलं, तर ते दिवसभर कोरडा भात खाऊन राहिले आणि शनिवार उजाडताच काकूंकडे वाटीभर लोणचं मागितलं. एका शनिवारी त्यांनी भट्टीवरच्या रशियन साहेबाला उडदाचा वडा खिलवला. साहेबाने मंगळवारी खुणेने आणखी मागितला. काकाजींनी एकेक बोट मुडपत वार मोजले आणि शनिवारच्या बोटाशी येऊन मान डोलावली. साहेब बिचारा थांबला म्हणतात.

नाइट शिफ्टच्या आठवड्यात मात्र काकाजींचा वार सगळ्या जगापासून सुटायचा. "मानूस झोपत नाही तंवर वार पलटत नाही," हा त्यांचा कायदा. रात्रीची ड्युटी करून आलेल्या काकाजींचा कालचाच दिवस चालू असायचा. सकाळी आम्ही दात घासत असताना मधल्या भिंतीवरून आदल्या दिवशीच्या जेवणाचा वास यायचा आणि काकू झोपाळू डोळ्यांनी त्यांना वाढत असायच्या.

अशाच एका आठवड्यात, गुरुवारी सकाळी, नागपूरचे लोक मला बघायला आले. मी नागपूरलाच होस्टेलवर राहून शिकत होते, सुट्टीला घरी आले होते; बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये असल्यामुळे मराठीत चारचौघांत बोलायची मला धास्ती वाटे. खरं तर कुठल्याच भाषेत वाटे. मुलाची आई दत्ताचा कडक गुरुवार करणारी. "आता शिक्षण पुरे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून खूश झाल्या. "शांत आहे पोरगी. आम्हाला अशीच हवी होती." मी खाली सतरंजीकडे बघत होते. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लागून गेला होता. आई साखर आणायला उठली.

तेवढ्यात काकाजी आले. अंगात ड्युटीचा खाकी शर्ट, हातात फडक्याने धरलेलं पातेलं.

"वहिनी, पाहुण्यायसाठी आणलं. गरम आहे." त्यांनी झाकण काढलं. मटणाचा वास खोलीभर पसरला.

"आज गुरुवार आहे," मुलाची आई नाकाला पदर लावून म्हणाल्या.

काकाजींनी त्यांच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "तुमचा असन, बाई. मी आत्ता ड्युटीवरून येऊन राहिलो. झोपलो कुठं?"

पाहुणे चहासुद्धा न घेता दुर्ग स्टेशनवर जाऊन बसले. आई रडली, बाबा बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मला इतकं हलकं वाटलं की हसू दिसू नये म्हणून मी कपबशा आवरायला आत पळाले.

पुढच्या बुधवारी भिंतीपलीकडून कसलाच वास आला नाही. काकू नळावर आईला सांगत होत्या, "यायनं मटण सोडलं. म्हणते, पोरीचं सोन्यासारखं लगन माह्या हातानं मोडलं." ते ऐकून मी उठले. त्यांच्या घरी मी एकटी कधी गेले नव्हते.

काकाजी पायरीवर बसून मुगाची उसळ चिवडत होते.

"काकाजी, मटण सोडू नका."

"कावून नको सोडू? तुह्या लगनाची माती केली मी."

"मला ते स्थळ नको होतं."

त्यांचा घास तोंडातच राहिला. "मंग बोलली कावून नाही?"

"कोणी विचारलं नाही."

"आन् मी आलो नसतो त?"

"लग्न झालं असतं."

काकाजींनी थाळी बाजूला सरकवली. मोडलेल्या लग्नापेक्षा या उत्तराने ते जास्त घाबरलेले दिसले. "म्हणजे माह्या मटणाच्या भरवशावर बसली होती तू?" मग अगदी हळू आवाजात : "दर खेपेला माही नाइट शिफ्ट राहत नाही, पोरी."

मी घरी आले. आई तांदूळ निवडत होती. तिच्याशेजारी बसून मी बी.ए. पूर्ण करायचं आहे म्हणून सांगितलं. तिचे हात ताटात थांबले. "एवढंच ना?" ती म्हणाली. "मग तोंड का शिवलं होतंस?"

परीक्षा झाली. पुढे लग्नही झालं. मांडवात गर्दी होती, पंगती उठत होत्या, काकूंनी दोनदा हाक मारली तरी काकाजी पानावर बसत नव्हते. गर्दीतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकले.

"तुले पसंत आहे ना?"

मी हो म्हटल्यावर ते जेवायला बसले.